मेम्फिसची गटारं

रविवार, रात्री

मावशी महापालिकेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली. त्यामुळे तिला हे अमेरिकेतलं आमचं मेम्फिस दाखवायचा माझा ठरलेला क्रम आज कोलमडला. इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गायक एल्विसचं घर बघायचं असतं आणि बील स्ट्रीटवर फोटो काढायचे असतात. ते काल उरकलं. आज नदीकाठी उभी राहून तिने पहिला प्रश्न काय विचारावा? "एवढी मोठी नदी, वर हा दमट उकाडा. इथे साथी आल्या असतील ना गं?"

मग काय, मी सुटलेच.

मेम्फिस वसलं १८१९ मध्ये. मिसिसिपीच्या पुरापासून सुटेल अशा उंच कड्यावर, चिकासॉ या मूळच्या रहिवाशांकडून वर्षभरापूर्वीच करार करून घेतलेल्या जमिनीत. गाव वसवणाऱ्या तिघांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला अँड्र्यू जॅक्सन होता. नाव घेतलं नाईलकाठच्या जुन्या शहराचं. पुढची चाळीसेक वर्षं कापूस आणि गुलाम या दोन बाजारांवर शहर फुगलं. हा भाग मी भरभर सांगितला, कारण मावशीचा प्रश्न साथीचा होता आणि ती आली १८७८ मध्ये.

पीतज्वर. तो बोटींबरोबर नदीनेच वर आला. ज्यांच्याकडे पैसे आणि जायला जागा होती ते सगळे पळाले, जवळजवळ २५ हजार माणसं. मागे उरली साधारण २० हजार, बहुतेक काळी आणि गरीब गोरी. त्यातली ५ हजारांहून जास्त मेली. मावशी म्हणाली, "प्लेगात आजीच्या माहेरचं सगळं गाव माळावर झोपड्या बांधून राहिलं होतं." अर्थात इथे उरलेल्यांना माळही नव्हता. काळ्या तरुणांच्या पलटणींनी रिकाम्या शहरावर पहारा दिला, अ‍ॅनी कुक नावाच्या बाईने आपला कुंटणखाना रुग्णांसाठी उघडला आणि शुश्रूषा करता करता तीही गेली.

दुसऱ्या वर्षी जे झालं ते ऐकून मावशी चकित झाली. आधीच कर्जात बुडालेल्या मेम्फिसची सनद राज्याने १८७९ मध्ये काढून घेतली. शहर म्हणून ते कागदावर उरलंच नाही, फक्त करवसुलीचा जिल्हा राहिला. सनद पूर्ण परत मिळाली १८९३ मध्ये. मधल्या काळात शहराचे रोखे घ्यायला जे पुढे आले त्यांत रॉबर्ट चर्च होता, जन्माने गुलाम. पळालेल्यांच्या जमिनी स्वस्तात घेऊन तो श्रीमंत झाला होता. शहराच्या बागांत काळ्यांना मज्जाव होता, म्हणून त्याने १८९९ मध्ये बील स्ट्रीटवर स्वतःच्या पैशाने बाग आणि सभागृह बांधलं.

आणि १८८० मध्ये आली गटारं. जॉर्ज वेअरिंग नावाच्या माणसाने मैला वाहून नेणारे नळ पावसाच्या पाण्यापासून वेगळे ठेवले. तेव्हा ते नवलच होतं.

"नळ केवढे?"

"सहा इंच."

"आणि चेंबर?"

"नव्हतेच ठेवले."

"मग तुंबणार!"

तुंबायचेच. गंमत अशी की सगळी योजना चुकीच्या समजुतीवर उभी होती. घाणीतून निघणाऱ्या वायूने ताप येतो असं वेअरिंग मानायचा. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे कोडं सुटलं १९०० मध्ये. तोवर वेअरिंग गेलेला होता. हवानाची स्वच्छता तपासायला गेला आणि तिथून पीतज्वर घेऊन आला, १८९८ मध्ये. पण ती गटारं आणि १८८७ मध्ये जमिनीखालच्या वाळूच्या थरात लागलेलं पाणी, यांनी शहर सावरलं हे खरं. आजही आमच्या नळाला तेच भूजल येतं, मिसिसिपीचं नाही.

नंतर आम्ही टॉम ली पार्कमध्ये चाललो. १९२५ च्या मे महिन्यात इंजिनियरांनी भरलेली एक बोट इथून काही मैल खाली उलटली. टॉम ली एकटाच आपल्या छोट्या मोटरबोटीत होता. पोहता येत नव्हतं, तरी त्याने ३२ जणांना ओढून वर घेतलं. वाचलेल्यांच्या मंडळींनी त्याला घर घेऊन दिलं आणि शहराने नोकरी दिली. कुठे, तर सफाई खात्यात. तो १९५२ मध्ये गेला. दोन वर्षांनी बागेला त्याचं नाव दिलं आणि दगडी स्तंभ उभारला, त्यावर कोरलं 'अ व्हेरी वर्दी नीग्रो'. म्हणजे लायक खरा, पण आधी त्याची पायरी सांगून. अलीकडे तिथे ब्राँझचं शिल्प आलंय. लोक त्याच्याजवळच फोटो काढतात.

त्याच सफाई खात्यात १ फेब्रुवारी १९६८ ला इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे बसले आणि दाबयंत्र बिघडून त्यात चिरडले. कामगार जवळजवळ सगळे काळे. गळके टब खांद्या-डोक्यावर घेऊन घराघरांच्या परसातून कचरा आणायचे. हे काम कोणाच्या वाट्याला येतं आणि का, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मावशी तर याच खात्यात आयुष्य घालवून आलेली. १२ फेब्रुवारीला १,३०० जण संपावर गेले. 'आय अ‍ॅम अ मॅन' ही त्यांची पाटी. महापौर लोब बधला नाही. ४ एप्रिलला त्यांच्यासाठीच आलेल्या मार्टिन ल्यूथर किंगना लॉरेन मोटेलच्या सज्जात गोळी घातली गेली, आणि १६ एप्रिलला युनियनला मान्यता मिळाली. एवढं मोल द्यावं लागलं, पगारवाढ मात्र तासाला काही सेंटची. माझा यावरचा राग अजून गेलेला नाही.

दुपारी तिला क्लेबॉर्न टेंपल या चर्चपाशी नेलं. संपाचं मुख्य ठाणं हेच. एप्रिल २०२५ मध्ये ते जळालं, आग लावलेली होती असं तपासात निघालं. शेजारच्या चौकात संपकऱ्यांची नावं कोरलेली आहेत. मावशी चष्मा कपाळावर चढवून एकेक नाव वाचत होती, ओठ हलवत. उन्हात मला घेरी यायची वेळ आली, ती हलेना.

गाडीत बसल्यावर विचारलं, "या लोकांना पेन्शन मिळाली का गं?"

नाही मिळाली. तेव्हा त्यांनी शहराच्या पेन्शनऐवजी केंद्र सरकारची सोशल सिक्युरिटी ही म्हातारपणाची योजना निवडली होती आणि म्हातारपणी ती पुरेना. २०१७ मध्ये शहराने हयात असलेल्यांना आधी ५० हजार डॉलर जाहीर केले, मग ते ७० हजार केले. त्यांतले काही जण तेव्हाही कामावर होते, कचऱ्याच्या गाडीवरच.

"मला अठ्ठावन्नला नारळ देऊन घरी पाठवलं," मावशी म्हणाली. इथवरचं तिकीट तिने स्वतःच्या पेन्शनीतून काढलंय.