किडा मेला, पण व्हायरस?

टोमॅटोचा शेंडा आखडला, पानं वाटीसारखी वळली की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं औषध मारू? त्या झाडापुरतं उत्तर म्हणजे कुठलंच नाही. कीटकनाशक व्हायरसला काहीच करत नाही, ते मारतं त्याला घेऊन फिरणाऱ्या किडीला, आणि तेही वेळेत मारलं तर!

आता वेळेत म्हणजे कधी, हे व्हायरसप्रमाणे बदलतं. लीफ कर्लचा व्हायरस पांढरी माशी पसरवते. तिला आजारी झाडावर बऱ्यापैकी वेळ रस प्यावा लागतो, मग व्हायरस तिच्या अंगातून फिरून लाळेत यायला काही तास जातात. एवढा वेळ मिळतो म्हणून इथे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणाऱ्या, औषधाचा फायदा होतो, पण रोपवाटिकेत आणि लागवडीनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत. फळं लागल्यावर धावपळ करून फार काही वाचत नाही.

पपईचा रिंगस्पॉट किंवा बटाट्याचा व्हायरस वाय म्हणजे वेगळंच प्रकरण. मावा उडत येतो, पानात सोंड टोचून चव बघतो आणि आवडलं नाही की पुढच्या झाडावर, काही सेकंदांत काम झालेलं असतं, तोवर औषध त्याच्या पोटात जाऊन तो मरणार कधी? पपईवर तर मावा सहसा वस्तीच करत नाही, पान उलटून बघा, एकही दिसणार नाही आणि बाग मात्र पिवळी पडत चाललेली. पायरेथ्रॉइड गटातल्या काही कीटकनाशकांनी तर किडी बिथरून जास्तच झाडं फिरतात. इथे मिनरल ऑइलची फवारणी आणि कडेने मक्याच्या दाट ओळी लावणं जास्त शहाणपणाचं, कारण मावा आधी मक्यावर सोंड टोचतो आणि सोंडेवरचा व्हायरस तिथेच राहतो.

फुलकिड्यांचं आणखी तिसरंच. टोमॅटो स्पॉटेड विल्टचा व्हायरस फक्त पिल्लं घेतात आणि पसरवतात मोठे झालेले, म्हणून पिल्लांवर फवारणी हवी. पण फुलांच्या आत लपलेल्यांपर्यंत औषध पोचत नाही, आणि कोष बहुतेक मातीत.

रोगट झाड उपटायचं असेल तर आधी फवारा, मग उपटा. उलटं केलंत तर झाड हलवल्याबरोबर पांढऱ्या माशा भुरभुर उडून शेजारच्या निरोगी झाडांवर. आणि इमिडाक्लोप्रिड झालं म्हणून थायामेथोक्झाम, मग अ‍ॅसिटामिप्रिड, ही काही औषधांची अदलाबदल नव्हे, तिन्ही किडीवर एकाच पद्धतीने काम करणाऱ्या 4ए गटातली.