माशांच्या टाकीचा स्टँड आणि चार चाके

लातूरच्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची काचेची टाकी अनेक वर्षे एकाच भिंतीशी उभी होती. मार्चमध्ये खिडकीला कूलर बसवायची वेळ आली की ती आड येत असे, आणि पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल धरली तरी तिथे हात पोहोचत नसे. म्हणून गेल्या वर्षी मी बाजारातून लहान नायलॉनची चाके आणून स्टँडच्या चारही पायांना बसवली. महिनाभरातच एका चाकाचा दांडा वाकला, तो कोपरा दबला आणि टाकीच्या तळाशी सिलिकॉनच्या सांध्यातून केसाएवढी पाण्याची रेघ उतरू लागली. बोटाने पुसली की ती क्षणभर नाहीशी होई आणि पुन्हा तिथेच उमटे.

चूक कुठे झाली, ते हिशेब मांडल्यावर कळले. काठापासून दोन इंच खाली भरलेल्या या टाकीत साधारण 225 लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी मावते. त्यात 10 मिलिमीटर जाडीच्या काचेचे 50 किलोंच्या वर, वाळूचे 30 आणि लोखंडी स्टँडचे 40 किलो मिळवले, तर एकूण भार साडेतीनशेच्या जवळ जातो. हा भार चार चाकांत सारखा वाटला जाईल, असे मी धरून चाललो होतो. घरातली फरशी कधीच पूर्ण सपाट नसते, त्यामुळे प्रत्यक्षात बराचसा भार तीनच चाकांवर येतो, क्वचित दोनवरही. शिवाय चौकट किंचित जरी पिळली, तरी तो पीळ लोखंड सोसते, काच सोसत नाही.

ज्या वेल्डरकडे मी शेवटी गेलो, त्याने पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : "सर, आधी फरशी दाखवा, मग चाकाचं बोलू." त्याने चौकोनी पाइपची नवी चौकट तळाशी जोडली आणि प्रत्येकी 150 किलो पेलणारी 4 इंची पॉलियुरेथेनची चाके तिला लावली. फिरते चाक वळताना आतल्या बाजूला सरकते आणि त्यामुळे उभे राहण्याची रुंदी कमी होते. म्हणून चौकट टाकीपेक्षा दोन्ही अंगांनी दोन-दोन इंच बाहेर काढली. चाकांमुळे वाढलेली 5 इंच उंची जुन्या पायांतून कापून टाकली. 1993 चा भूकंप ज्यांनी अनुभवला आहे, त्या माझ्या आईला उंच, डळमळती वस्तू घरात चालत नाही, आणि या बाबतीत तिचेच म्हणणे योग्य आहे.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र चाके नव्हेत, तर चार कोपऱ्यांत बसवलेले 16 मिलिमीटरचे बोल्ट. पान्याने ते खाली फिरवले की चाके फरशीपासून उचलली जातात आणि सगळा भार बोल्टखालच्या पोलादी चकत्यांवर येतो. भरलेली टाकी चाकांवर ठेवायची नाही आणि ढकलायची तर मुळीच नाही, कारण आतले पाणी हेलकावले की सांध्यांवर उलटसुलट ताण येतो.

हलवायच्या दिवशी पाणी काढावेच लागते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस पाहिलेल्या माणसाला एवढे पाणी मोरीत सोडवत नाही. मी स्वच्छ ड्रममध्ये ते साठवतो, त्यातल्याच पाण्याने भरलेल्या एका टबात मासे आणि फिल्टरचा स्पंज ठेवतो. स्पंज वाळला, तर पाणी निर्मळ राखणारे जिवाणू मरतात. वाळू ओली राहील एवढेच पाणी टाकीत उरते.

यंदा मार्चमध्ये मी आणि धाकट्या भावाने टाकी समोरच्या भिंतीशी नेली, बोल्ट उतरवले आणि प्रथम फक्त दोन बोटे पाणी भरले. काचेवर पट्टी धरून पाहिले, तर डाव्या टोकाला पाणी 2 मिलिमीटर जास्त होते. या बोल्टचा एक पूर्ण फेरा म्हणजे नेमके 2 मिलिमीटर. डावीकडचे दोन्ही बोल्ट एकेक फेरा फिरवून ती बाजू तेवढी उचलली, पाण्याची रेघ काठाशी समांतर झाली, आणि मगच ड्रममधले पाणी बादलीने परत टाकीत ओतायला घेतले.