तिसाव्या सेकंदाला मरणारा पोर्ट

आमच्या बोर्डचा यूएसबी होस्ट ड्रायव्हर (पोर्टचा कंट्रोलर चालवणारा कोड) लिनक्स २.६.३५ वर कित्येक वर्षं विनातक्रार चालत होता. तो ५.१० वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. कंट्रोलर ईएचसीआय (यूएसबी २.० चा प्रमाणित प्रकार), म्हणजे ओळखीचाच.

कोडची डागडुजी लवकर उरकली. पूर्वी प्रत्येक चिपची फाइल मूळ ईएचसीआय फाइलच्या पोटात इन्क्लूड व्हायची. लिनक्स ३.८ पासून ईएचसीआयचा तो सामाईक गाभा वेगळं मॉड्यूल (गरजेनुसार लोड होणारा कर्नलचा तुकडा) झाला. आपलं जे वेगळं आहे तेवढंच सांगायचं, फंक्शनांचा बाकी तक्ता गाभाच भरतो. जुन्या तक्त्याच्या ओळी पुसताना फार बरं वाटलं. बोर्डची माहिती सी कोडमध्ये ठेवणारी बोर्ड फाइल गेली, पत्ते आणि इंटरप्ट डिव्हाइस ट्रीत, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइलीत आले. बूट केलं, पेनड्राइव्ह ओळखला गेला.

आणि बोर्ड जागच्या जागी गोठला. कर्नल कोसळल्याचा (पॅनिक) संदेश नाही, एररची ओळ नाही. पाच वेळा बूट केलं; पाचही वेळा रूट फाइलसिस्टिम माउंट व्हायच्या जरा आधी सीरियल कन्सोल गप्प. जागा ठरलेली होती, तिनेच वाट दाखवली. नेमक्या त्या टप्प्यावर नवं कर्नल कोणीही न मागितलेली क्लॉक (चिपच्या भागांना चालवणारे ठोके) बंद करतं. जुनी बोर्ड फाइल यूएसबीचं क्लॉक सुरुवातीलाच चालू करून सोडून द्यायची, ड्रायव्हरला त्याचा पत्ताच नसे. आता ते बूटलोडरच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) कृपेने चालू होतं. ते बंद झालं, ड्रायव्हरने पुढचं रजिस्टर वाचायला घेतलं आणि बसकडून उत्तरच आलं नाही.

खात्रीसाठी कमांड लाइनवर 'सीएलके इग्नोर अनयूज्ड' दिलं. बोर्ड सुरळीत चालला. पुष्कळ जण इथेच थांबतात, मला ते अजिबात पटत नाही. तो पर्याय निदानासाठी आहे. प्रोबमध्ये (ड्रायव्हर कंट्रोलरला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) क्लॉक रीतसर मागितलं, कंट्रोलरची नोंदणी व्हायच्या आधी चालू केलं.

पुढचा त्रास जास्त चकवणारा होता. सगळं व्यवस्थित, फाइल कॉपी होतेय, आणि अर्ध्या मिनिटात 'यूएसबी डिस्कनेक्ट'. केबल बदलली, पेनड्राइव्ह बदलला. मग लॉग सावकाश वाचला, तर डिस्कनेक्टच्या अगदी वरच्या ओळीत व्हीबस रेग्युलेटरचं (पोर्टला वीज पुरवणाऱ्या भागाचं) नाव आणि पुढे 'डिसेबलिंग'. वापरात नसलेले रेग्युलेटर कर्नल लगेच तोडत नाही. मॉड्यूल उशिरा लोड होतात म्हणून ३० सेकंद थांबतं. पोर्टचे ५ व्होल्ट माझ्या ड्रायव्हरने मागितलेच नव्हते. डिव्हाइस ट्रीत ते कंट्रोलरला जोडले, प्रोबमध्ये चालू केले.

उरला होता ड्रायव्हर काढतानाचा क्रम. माझ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये क्लॉक आधी बंद होत होतं, त्यामुळे मॉड्यूल काढताच बोर्ड पुन्हा गोठला. कंट्रोलर थांबवतानाही रजिस्टरं लागतातच. आधी कंट्रोलर काढायचा, मग क्लॉक, शेवटी व्होल्टेज, असं लावलं. स्क्रिप्टने मॉड्यूल पन्नास वेळा घातलं-काढलं. क्लॉक किती जणांनी चालू ठेवलंय हे सांगणारा कर्नलच्या यादीतला आकडा दर वेळी शून्यावर परतला, तेव्हा पॅच पाठवला.