डावा हात परत येताना

गेल्या शनिवारी बॉक्सिंगच्या तीन राउंडच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, मी एकच ठोसा चार वेळा खाल्ला. समोरचीचा उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, माझ्या डाव्या गालावर. ती माझ्याहून वीतभर बुटकी. तिचा हात एरवी माझ्यापर्यंत पोचतही नाही.

घरी येऊन व्हिडिओ पाहिला. गार्ड झकास : हनुवटी खाली, हात गालाशी, कोपरं बरगड्यांवर. जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा झटपट ठोसा, तोही सरळ जातोय. घोळ आहे तो परत येताना. डावा हात आधी छातीपर्यंत घसरतो आणि मग सावकाश वर चढतो. ती बया फक्त तेवढ्याचीच वाट बघत होती.

खोड जुनी आहे. नऊ वर्षं कराटे केलं. तिथे एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा कमरेशी खेचायचा, त्याला हिकिते म्हणतात. समोरच्याची बाही किंवा मनगट धरून ओढायचं असेल तर त्यात अर्थ आहे. रिकामा हात कमरेशी नेला तर तोंड उघडं पडतं, बाकी काही नाही. माझ्या हाताला मात्र कमरेची वाट पाठ झालीय.

अमेरिकन बॉक्सर जो लुईसचंही हेच झालं होतं, हे कळल्यावर जरा बरं वाटलं! जॅबनंतर त्याचा डावा हात खाली राहतो हे जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगने आधीच हेरलं होतं. १९ जून १९३६ ला तोवर अजिंक्य असलेल्या लुईसला त्याने उजव्या हाताने झोडपलं आणि बाराव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. दोन वर्षांनी लुईसने पहिल्याच राउंडमध्ये परतफेड केली. (माझी परतफेड कधी, ते विचारू नका.)

सरांनी उपाय साधा दिला. मी जॅब मारला की ते लगेच पॅड माझ्या गालावर फिरवतात. हात जागेवर आला असेल तर पॅड ग्लोव्हवर, नाहीतर थोबाडावर.

भाचीने विचारलं, रस्त्यात कुणी अंगावर आलं तर असाच गार्ड घ्यायचा का? नाही गं. सोळा आउन्सचे ग्लोव्हज म्हणजे भिंत असते. ग्लोव्हज नसलेल्या मुठींच्या फटीतून ठोसा आरामात आत येतो. शिवाय मुठी वळल्या की समोरच्याला भांडणाचं आमंत्रणच. तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, कोपरं वाकवलेली, एक पाय मागे, आणि मोठ्याने "मागे हो". बघणाऱ्याला वाटतं तू समजूत काढतेयस, पण हात तुझ्या तोंडाच्या आणि त्याच्या मधे असतात. ग्लोव्हज नसताना मुठीने डोक्यावर मारण्याच्या फंदात पडू नकोस, करंगळीमागचं हाड मोडतं.

काल पुन्हा स्पारिंग झालं. क्रॉस दोनदाच बसला. तिसऱ्या वेळी मी घाबरून दोन्ही हात कपाळापर्यंत नेले, कोपरं फाकली, आणि तिने डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, उजव्या बरगड्यांखाली, थेट लिव्हरवर घातला. मी गुडघ्यावर. श्वास कुठे गेला कळलंच नाही. सर वरून म्हणाले, "आज गाल मात्र शाबूत आहे."