०.५ मोठा की ०.३५?

सराव पाठाच्या निरीक्षणाला मागच्या बाकावर बसलं की फळ्यापेक्षा मुलांच्या वह्या जास्त दिसतात. त्या दिवशीची छात्राध्यापिका (शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेणारी विद्यार्थिनी) हुशार होती, पण प्रशिक्षणातून तिचं मन उडालं होतं. पाठांची टाचणं वेळेवर, अक्षर सुरेख, आणि 'पदवी घेते, मग दुसरं काहीतरी बघते' हे मैत्रिणींना सांगून झालेलं.

तिचं फारसं चुकत नव्हतं. सूक्ष्मपाठाचं, म्हणजे एकेका अध्यापन-कौशल्याच्या छोट्या सरावाचं, चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा अध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. प्रश्न विचारणं, फलकलेखन ही कौशल्यं त्यात सुटी सुटी घोटून होतात. पण समोर विद्यार्थी म्हणून बसतात त्या वर्गमैत्रिणी. त्यांना उत्तर आधीच येत असतं, त्यामुळे खरं चुकीचं उत्तर तिथे कधी येतच नाही. महिनोन्महिने असं चाललं की शिकवणं म्हणजे नुसतं सादरीकरण वाटू लागतं.

पाठ दशांश अपूर्णांकांच्या तुलनेचा होता. तिने फळ्यावर ०.३ आणि ०.४५ लिहिले. 'मोठा कोणता?' हात भराभर वर, उत्तर ०.४५, शाबासकी, पुढचा मुद्दा. माझ्या शेजारच्या मुलाने मात्र वहीत ०.५ पेक्षा ०.३५ मोठा ठरवला होता. का, असं हळूच विचारलं तर म्हणाला, "पाचापेक्षा पस्तीस मोठे ना!" फळ्यावरच्या जोडीत त्याचा हाच नियम बरोबर उत्तर देऊन गेला होता. प्रश्नच असा निवडलेला की चूक दिसणार नाही.

तास संपल्यावर शेरे लिहिण्याऐवजी मी तिला चार जोड्या दिल्या: ०.५ आणि ०.३५, ०.४ आणि ०.७५, ०.६ आणि ०.६०, ०.०८ आणि ०.३. प्रत्येकीसमोर 'का?' अशी एक रिकामी ओळ. वर्गशिक्षकांनी तासाचा थोडा वेळ दिला, तिने चिठ्ठ्या भरून घेतल्या आणि शिक्षक-खोलीत टेबलावर त्यांचे ढीग लावायला बसली.

सर्वांत मोठा ढीग 'जास्त अंक म्हणजे मोठी संख्या' मानणाऱ्यांचा. ही मुलं पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या जोडीत चुकतात, दुसरीत अडकत नाहीत. दुसरा ढीग लहान, पण चमत्कारिक: शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून शतांशापर्यंत लिहिलेली संख्याही लहानच! ही मुलं पहिली आणि चौथी जोडी बरोबर सोडवून दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत घसरतात. तिसरा ढीग बरोबर उत्तरांचा, त्यातही 'का?' पुढे बऱ्याच जणांनी 'शून्य लावला' एवढंच लिहिलेलं.

"सर, ही मुलं अंदाजाने ठोकत नाहीयेत. नियम पाळतायत!" ती म्हणाली. डबा तसाच होता.

दुसऱ्या दिवसासाठी तिला आधी शून्य लावून अंक सारखे करण्याची युक्ती शिकवायची होती. मी नको म्हटलं. त्या युक्तीने उत्तर बरोबर येतं, आणि मूल मनात पन्नास आणि पस्तीस या पूर्ण संख्यांचीच तुलना करत राहतं. त्याऐवजी १० बाय १० चौकटींचा कागद: पूर्ण कागद म्हणजे १, एक उभी पट्टी दशांश, एक चौकट शतांश. ०.५ साठी पाच पट्ट्या रंगवायच्या, ०.३५ साठी तीन पट्ट्या आणि पाच चौकटी. वाचतानाही 'शून्य पॉइंट पस्तीस' टाळायचं, 'तीन दशांश पाच शतांश' म्हणायचं, नाहीतर कानावर पुन्हा पस्तीसच पडतात. आणि प्रश्न विचारल्यावर किमान ३ सेकंद गप्प राहायचं. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबताना दिसले होते. दुसऱ्या दिवशी तासाला आमची छात्राध्यापिका हात पाठीमागे घेऊन बोटांवर सेकंद मोजत होती. मागच्या बाकावरून मला ते दिसत नव्हतं, एका मुलीने फळ्याजवळ गेल्यावर पाहिलं आणि हसली.

तासाच्या शेवटी नव्या चिठ्ठ्या. पहिला ढीग बराच उतरला. ०.०८ आणि ०.३ मध्ये मात्र काही जण अजून अडखळत होते: दशांशाच्या जागेवरचा शून्य त्यांच्या लेखी नव्हताच. रिकामी पट्टी दाखवायला तिला आणखी एक तास हवा होता. वेळापत्रकात पुढचा तास भूगोलाचा. मी काही बोलायच्या आत ती भूगोलाच्या बाईंकडे तो मागायला निघून गेली होती.