यंदा येऊ नकोस

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या, आदल्या रात्री त्याचा मेसेज आला. ‘यंदा येऊ नकोस. नंतर बोलू.’ मी ‘बरं’ लिहिलं आणि फोन पालथा घातला. आता का ते कळलंय, तरी ते ‘येऊ नकोस’ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी लातूर कसं असतं ते काय सांगायचं. गंजगोलाईच्या बाजारात चिटपाखरू नसतं. कलेक्टरची सुट्टी, दुकानांची शटरं खाली, क्लास बंद. सकाळपासून ट्रॅक्टर, टमटम, मोटारसायकली गावाच्या दिशेनं. मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर डबे आणि हातात आंबिलीची बिंदगी, ती हिंदकळू नये म्हणून सगळा जीव तिच्यात. आई-अण्णा मावशीच्या शेतात गेले, ताई पोराला घेऊन त्यांच्याबरोबर. मी म्हटलं, पेपर तपासायचेत. एकही पेपर तपासला नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. येळवशीला वाटेनं जाणाऱ्या माणसाला हाक मारून शेतात बोलावतात. ओळख ना पाळख, ‘या, दोन घास खाऊन जा’ म्हणतात. कडब्याच्या कोपीपुढं जो येईल त्याच्या पानात मिसळ भाज्यांची भज्जी पडते. त्या दिवशी कुणाला नाही म्हणायची रीतच नाही. आणि बारा महिने माझ्याशी बोलणाऱ्या माणसानं नेमकं त्याच दिवशी मला सांगितलं, येऊ नकोस.

आमचं शेत ताईच्या लग्नात अर्धं गेलं, उरलेलं तिच्या केसमध्ये. तेव्हापासून आमच्या घरी येळवस म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर जेवायला जायचं. आई तिथं जेवते, पण चर शिंपायला सगळे उठले, ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ ओरडत आंबील शिंपत निघाले की ती भांडी घासायला बसते. अण्णा तर मान वर करत नाहीत. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्याच्या शेतात जायचे. तिथं मला शेत नसल्यासारखं वाटत नव्हतं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. त्याला ते ठाऊक असेल असं धरून चालले होते.

आमची मैत्री पाण्यावरून झाली. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार म्हणून अख्खं शहर बातम्यांना डोळे लावून बसलेलं. अण्णांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. तो कॉलेजातला, तोंडओळखीचा. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून जिन्यापाशी आला आणि विचारलं, ‘वर आणू की इथंच ठेवू?’ वर आणले. आईनं त्याला आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. आई क्षणभर थांबली आणि मग त्यानंच आणलेल्या पाण्यातलं त्याला तांब्याभर दिलं. त्या थांबण्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

पुढं तो आडतीवर लागला, मी क्लासमध्ये. सोयाबीनचा भाव पडला की त्याचा चेहरा पडतो, हे मला शेतकऱ्यांच्या आधी कळायला लागलं. माझ्या घशाला क्लास झेपत नाही हे त्याला माझ्या आधी कळलं. कधीतरी खडीसाखरेची पुडी हातात ठेवायचा, बोलायचा काही नाही.

आणि काकू, त्याची आई.

त्यांचं शेत जुन्या गावाला लागून आहे. नवं गाव तिथून लांब, आखीव, रुंद रस्त्यांचं, घराघरात अंतर असलेलं. जुन्या गावात आता बाभळी आहेत. येळवशीला पाच पांडवांची पूजा झाली की काकू एका तांब्यात आंबील घेतात, बाजरीचे दोन उंडे पदरात बांधतात आणि एकट्याच तिकडं जातात. त्यांच्यामागं कुणी जात नाही. एका वर्षी त्यांनी मला म्हटलं, चल. बाभळीतून वाट काढत एका जागी थांबल्या आणि पायानं माती सारून दाखवली. ‘इथं चूल होती.’ मग चार पावलं चालल्या. ‘इथं आत्याबाई निजायच्या. ती त्यांच्याजवळ होती.’ तिथं आंबील ओतली. मातीनं ती लगेच पिऊन टाकली, वर नुसता पांढरा डाग राहिला. त्यावर त्यांनी उंडे ठेवले.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. या भागात जवळपास १० हजार माणसं गेली. काकू त्यातली एकच सांगतात. तो दोन वर्षांनी पत्र्याच्या शेडमध्ये जन्मला. काकू अजून स्लॅबखाली झोपत नाहीत, थंडीतसुद्धा ओसरीवर.

परत येताना त्यांनी माझा हात धरला तो शेतापर्यंत सोडला नाही. कोपीपुढं भावकी बसली होती. कुणीतरी विचारलं, पोरगी कुणाची? काकू म्हणाल्या, ‘माझीच. लेक हाय माझी.’ मला तेव्हा भरून आलं होतं. त्यानंतर दरवर्षी तेच. लेकीचं पान आधी. निघताना लेकीच्या पदरात उंडे, तिळाची पोळी. गावानं तोंडात बोट घातलं असतं, पण काकूंनी एकदा लेक म्हटल्यावर कोण बोलणार?

तर असं सगळं असताना, येऊ नकोस.

दिवसभर मी काय काय नाही ठरवलं. त्याचं लग्न ठरलं असणार. मुलीकडचे शेतात येणार असतील, त्यात मी कशाला. नाहीतर भावकीत कुणीतरी बोललं असेल. नाहीतर त्याला माझा कंटाळा आला असेल, येतो माणसाला कंटाळा. दुपारी भात-वरण खाल्लं आणि रडले. येळवशीला भात-वरण. शेत गेलं, ताईचं घर गेलं, आता हा उरलेला बांधही गेला, असं वाटत राहिलं.

संध्याकाळी काकूंचा फोन.

‘काय करलालीस गं? ताप उतरला का?’

‘कसला ताप, काकू?’ हे तोंडाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, ‘उतरला.’

‘सकाळी सांगायचं न्हाई का? कुणाच्या हाती भज्जी धाडली असती. आता त्याच्याजवळ डबा दिलाय. आंबील पिऊ नको, थंड असते. भज्जी गरम करून खा. आणि कान झाकून नीज.’

फोन ठेवल्यावर मी किती वेळ तशीच उभी होते. त्यानं घरी खोटं सांगितलं होतं आणि मी ते सावरून घेतलं होतं, आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता. राग होताच. पण काकूंनी माझी वाट बघितली, हे कळल्यावर तो राग पहिल्यासारखा उभा राहीना.

तो रात्री आला. वर आला नाही, गल्लीतच थांबला. कपड्यांना धुराचा वास, पेटता हेंडगा शेताभोवती यानंच फिरवला असणार. डबा माझ्या हातात दिला आणि हात मोकळा झाल्यावर त्याचं काय करावं ते त्याला कळेना. मी विचारलं, ‘का?’

‘आई तुला सगळ्यांपुढं लेक म्हणते.’

‘मग?’

‘मी खाली बघून जेवतो. गेल्या साली घास गिळेना. यंदा माझ्यानं नसतं झालं.’

मला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिले. तो म्हणाला, ‘तू एकदा म्हणाली होतीस, जन्मात लग्न करणार नाही. म्हणून मी कधी काही...’ ते मी ताईच्या तारखेहून आल्यावर बोलले होते, कोर्टाच्या आवारात ताईचा पोरगा वडिलांना ओळखेना त्या दिवशी. मी विसरूनही गेले होते. त्यानं ते वर्षानुवर्षं जपून ठेवलं, आडतीवर हिशेबाची पट्टी जपतात तसं. आणि माझं म्हणाल तर, काकू मला लेक म्हणतात आणि तो ऐकून घेतो, म्हणजे त्याच्या मनात तेवढंच आहे असं मी धरून चालले होते. एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकानं तरी विचारायला हवं होतं की नाही? चिडावं की हसावं कळेना. मला हसू आलं. त्यालाही आलं, पण जरा उशिरा.

मग दोघंही गप्प झालो, कारण दोघांना काकू आठवल्या.

एक लेक जमिनीनं नेली. दुसरी त्यांनी स्वतः हाताला धरून आणली, चार लोकांत तिला लेक म्हटलं. आता आम्ही जाऊन त्यांना काय सांगायचं? लेक म्हणू नका? भावकीचं, आडनावाचं होईल तेव्हा बघू. अण्णांचंही बघू, आमच्या घरात लग्न हा विषयच काढायचा नाही असं ठरलंय. काकूंचं मात्र मला सुचत नाही. त्यांच्यापुढं मी आजवर फक्त लेक म्हणून गेले आहे, वेगळं कसं जायचं ते येत नाही.

काल ताईला सांगितलं. घरात आधी तिलाच. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिनं मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं. तो कसा आहे हे विचारलंच नाही. विचारलं, ‘त्याची आई कशी आहे?’

म्हटलं, ‘त्यांच्यामुळंच तर अडलंय.’ बाभळीतलं सगळं सांगितलं. ताई बराच वेळ बोलली नाही. माझ्या ताईला सासू कशी असते ते पुरतं कळलंय, त्यावर मी इथं काही लिहिणार नाही. मग म्हणाली, ‘त्याला सांगू देऊ नको. मुलानं सांगितलं की आईला वाटतं, नेलं कुणीतरी. तू जा. तू सांग.’

‘आणि त्या नाही म्हणाल्या तर?’

‘तर तुझ्या तोंडावर म्हणतील. मला कुणी तेवढंही केलं नव्हतं.’

रविवारी सकाळच्या एसटीनं जाते. काकूंचा रिकामा डबा न्यायचाच आहे, आई म्हणाली त्यात तिळाच्या वड्या घाल. त्याला अजून कळवलेलं नाही. आज रात्री फोन करेन. मेसेज नाही.