चार तोंडे आणि एक पिचकारी

आमच्या घरात पाण्याच्या झोताने दातांच्या फटी साफ करणारे यंत्र, म्हणजे वॉटर फ्लॉसर, आले ते मुलीच्या तारांमुळे. ती नववीत असताना तिच्या दातांना तारा लावल्या आणि बेळगावात आमच्या टिळकवाडीतील एका दंतवैद्यांकडे महिन्याकाठी एक फेरी सुरू झाली. तिसऱ्या की चौथ्या फेरीला डॉक्टरांनी छोटा आरसा तिच्या हाती दिला, खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडी फुगून कशी लाल झाली आहे ते तिला दाखवले आणि माझ्याकडे वळून कानडी हेलाच्या मराठीत म्हणाले, "मॅडम, ब्रश ती बरोबर करते, पण तारेच्या खाली ब्रश जातच नाही की."

दोऱ्याचा उपाय आम्ही करून चुकलो होतो. प्लास्टिकच्या सुईसारख्या काडीत दोरा ओवायचा, तो तारेखालून घ्यायचा, दोन दातांच्या मधे वरखाली फिरवायचा, काढायचा आणि पुढच्या फटीसाठी पुन्हा पहिल्यापासून तेच करायचे. रोज रात्री या कामाला २५ मिनिटे लागत. पेंगुळलेल्या मुलीकडून ते आठ दिवस झाले, नवव्या दिवशी दोऱ्याची डबी कपाटात गेली. मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे जे काम मूल कंटाळून सोडणारच आहे ते त्याच्यावर लादण्यात अर्थ नसतो, हे मला कळायला हवे होते.

डॉक्टरांनी वॉटर फ्लॉसर सुचवला, पण त्याआधी एक प्रश्न विचारला: घरात आणखी कोण कोण वापरणार? मी सहज म्हणाले, सगळेच वापरू. त्यावर त्यांनी सांगितले की मग आधी सगळ्यांची तोंडे दाखवून न्या, कारण दातांवर दगडासारखे जमलेले कीटण पाण्याने निघत नाही, ते इथे खुर्चीत बसूनच काढावे लागते, आणि कीटण तसेच ठेवून वरून पाणी मारत राहिले तर आपण काहीतरी करत आहोत एवढेच समाधान मिळते. या एका सूचनेने आमचे पुढचे बरेच पैसे आणि वैताग वाचला. माझ्या यजमानांना मधुमेह आहे आणि ब्रश करताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत असे, जे आम्ही दोघांनीही उष्णतेच्या खात्यावर टाकले होते. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर ताब्यात ठेवणे अवघड होते, असा हा दोन्ही बाजूंनी चालणारा व्यवहार आहे, हे त्या दिवशी कळले. त्यांचे कीटण दोन बैठकांत काढले.

सासूबाईंना नेणे सोपे नव्हते. त्या निपाणीकडच्या. तंबाखूच्या त्या मुलखात बायका तव्यावर तंबाखू भाजून, चुरून मिश्री करत आणि सकाळी तीच दातांना लावत, तशी त्यांनीही लहानपणापासून लावलेली. "मिश्रीनं दात घट राहतात गे," हे त्यांचे ठाम मत, आणि खालच्या उजव्या बाजूला तीन दातांचा पूल, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले कृत्रिम दात, बसवून झाला तरी ते मत हलले नव्हते. डॉक्टरांनी त्यांच्या गालांच्या आतून, जिभेखालून बोट फिरवून पांढरा चट्टा कुठे आहे का ते पाहिले, नाही म्हटल्यावर मला हायसे वाटले. मग त्यांनी सासूबाईंना स्पष्ट शब्दांत सांगितले की मिश्री म्हणजे तंबाखूच, तिने हिरड्या खाली सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि कोणतेही यंत्र त्यावर उतारा नाही. सासूबाईंनी मान डोलावली. मिश्री दिवसातून तीनदाची एकदा झाली आहे, बंद झालेली नाही. हे मी लपवून ठेवणार नाही.

आता यंत्राची निवड. पहिले यंत्र आम्ही निवडलेच नाही, ते माझ्या भावाने अमेरिकेतून आणले. पाण्याची मोठी टाकी असलेले, टेबलावर ठेवायचे, देखणे यंत्र होते. त्याची पिन आपल्या प्लगात बसेना म्हणून यजमानांनी गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पिन बदलणारा जोड आणला, बटण दाबले आणि चार-पाच सेकंद भलताच जोरकस आवाज करून जळका वास सोडत ते कायमचे थांबले. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. मोबाइलचे चार्जर दोन्हीकडे चालतात म्हणून आपण गृहीत धरतो की सगळेच चालेल, आणि जोड फक्त पिनेचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. वडगावात स्वतःचे दोन यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावे, याची चेष्टा अजून संपलेली नाही. परदेशातून कोणी आणत असेल तर यंत्राच्या बुडाशी छापलेला व्होल्टचा आकडा आधी वाचून घ्यावा.

या यंत्राचा जन्मही तिकडचाच. कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे १९६२ च्या सुमारास एक दंतवैद्य आणि एक अभियंता यांनी मिळून ते घडवले. त्यातली खरी युक्ती पाण्याच्या जोरात नसून ठोक्यांत आहे. पाणी सलग धारेने येत नाही, ते मिनिटाला हजाराहून अधिक वेळा तुटत-जोडत येते. प्रत्येक ठोक्याला हिरडी किंचित दबते, लगेच सुटते आणि त्या दबण्या-सुटण्यात कडेला अडकलेले कण आणि ताजा चिकट थर बाहेर पडतो. म्हणून पीएसआयचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा, आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले, हा दुकानदाराचा हिशेब मी मानला नाही. टेबलावरच्या यंत्रांत हा दाब साधारण १० पासून १०० पर्यंत असतो, आणि आमच्या घरातल्या दोन हिरड्यांना तर सर्वांत कमी दाबाचीच गरज होती. खालचा आकडा किती कमी होतो, हे मी सगळीकडे विचारत गेले. खडेबाजारातल्या एका दुकानात मला उत्तर मिळाले, "बाई, कमी कशाला पाहिजे? पैसे तेवढेच की."

टेबलावरचे की हातात धरायचे, हा निर्णय आमच्या घराच्या बांधणीने केला. आमचे बेसिन मागच्या पडवीत, तिथे प्लग नाही आणि ओल्या जागी लांब वायर ओढण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून चार्ज होणारे, ३०० मिलिलिटर टाकीचे यंत्र घ्यायचे ठरले. २०० मिलिलिटरच्या टाकीत एका माणसाचे तोंड पुरते होत नाही, मधेच थांबून पाणी भरावे लागते, आणि मधे थांबलेले मूल परत येत नाही. यंत्रावर आयपीएक्स ७ असे लिहिलेले असावे, म्हणजे ते १ मीटर पाण्यात अर्धा तास पडले तरी आत पाणी जाऊ नये अशी त्याची परीक्षा झालेली असते. टोके चार आणि प्रत्येकावर वेगळ्या रंगाचे कडे असावे, म्हणजे यंत्र एक आणि टोक ज्याचे त्याचे. यांपैकी एक तरी टोक तारांसाठीचे, म्हणजे पुढे बारीक केसांचा झुबका असलेले हवे. आणि ज्याबद्दल कोणीच सांगत नाही ते म्हणजे टाकीचे तोंड: त्यातून आपली दोन बोटे आत जाऊन तळ घासता आला पाहिजे. ऑनलाइन मागवलेले पहिले यंत्र टाकीच्या सांध्यातून गळत होते. ते परत करून बदली मिळेपर्यंत तीन आठवडे गेले.

सोबतची पुस्तिका इंग्रजीत आणि चिनीत. मराठी नाही, कन्नड नाही. मी तीन वेळा वाचून सासूबाईंसाठी एका वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून काढले आणि बेसिनच्या आरशाशेजारी चिकटवले.

तरीही पहिल्या रात्री जे व्हायचे ते झालेच. मुलीने आधी बटण दाबले आणि मग टोक तोंडाकडे नेले, त्यामुळे आरसा, माझे लिहिलेले पान आणि तिच्या वडिलांचा चष्मा एकाच वेळी भिजले. "दात धुतेस काय पडवी?" असे सासूबाईंनी आतून विचारले आणि त्या दिवसापासून घरात यंत्राचे नाव पिचकारी पडले. क्रम उलटा हवा: आधी बेसिनवर पुरते वाकायचे, टोक तोंडात ठेवायचे, ओठ सैल मिटायचे आणि मगच बटण दाबायचे. पाणी तोंडात साठवायचे नाही, ओठांच्या कोपऱ्यातून बेसिनमध्ये पडू द्यायचे. मान सरळ ठेवून आरशात पाहण्याचा मोह होतो, पण तसे केले की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. टोक दाताला काटकोनात, हिरडी जिथे दाताला भेटते त्या रेषेवर धरून मागच्या दाढेपासून पुढे यायचे, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबायचे, बाहेरची बाजू झाली की आतली. मुलगी आता तारांसह हे सगळे दोन मिनिटांत उरकते, त्यासाठी टाकी एकदा पुन्हा भरते.

एका रविवारचे सांगते. दुपारी मटण झाले होते, मुलीने जेवणानंतर नीट ब्रश केला होता. रात्री तिने पिचकारी लावली तेव्हा खालच्या डाव्या दाढेवर तार धरणाऱ्या चौकटीमागून मांसाचा एक तंतू सुटून बेसिनच्या पांढऱ्या भांड्यात पडला, बोटाच्या पेराएवढा लांब. तिने तो पाण्याने वाहून जाऊ दिला नाही, मला हाक मारून दाखवला. त्यानंतर तिला आठवण करून द्यावी लागली नाही.

यजमानांनी सर्वांत कमी दाबावर सुरुवात केली. पहिले काही दिवस बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसे आणि ते घाबरून सोडून द्यायला निघाले होते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की कीटण काढल्यावर सुजलेली हिरडी थोडी रक्ताळणार, पण दोन आठवड्यांत ते थांबले नाही तर परत दाखवा. दहा-बारा दिवसांत थांबले. साखर त्यामुळे कमी झाली असे मी म्हणणार नाही, गोळ्या आणि संध्याकाळचे चालणे दोन्ही चालूच होते.

सासूबाईंना थंड पाणी झोंबते, म्हणून त्यांच्या टाकीत कोमट पाणी भरावे लागते. कडकडीत नव्हे, त्याने हिरडी पोळते आणि यंत्रही बिघडते. त्यांच्या पुलाखाली ब्रश जात नाही आणि दोराही नाही, तिथे मात्र हा झोत बरोबर पोहोचतो. त्या बेसिनजवळ स्टुलावर बसून समोर घमेले घेतात. एकदा त्यांनी आपल्या विचाराने टाकीत चमचाभर मीठ घातले, कारण मिठाच्या गुळण्या चांगल्या तर मिठाची पिचकारी अधिक चांगली. गुळण्या चांगल्याच, पण यंत्राच्या आतल्या नळीत मीठ साचते, म्हणून टाकी चार वेळा साध्या पाण्याने चालवून मोकळी केली.

पाण्याची गोष्ट मला सर्वांत उशिरा समजली. शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचे पाणी येते, पण नळाची पाळी चुकली की आम्ही सरळ मागच्या विहिरीचे पाणी भरत होतो. दोन महिन्यांनी झोत क्षीण झाला, मग एका बाजूला वाकडा जाऊ लागला. यजमानांनी टोक काढून उजेडासमोर धरले, तर सुईच्या नेढ्याएवढ्या भोकाच्या कडेला क्षाराचे पांढरे कडे बसलेले. आत टाचणी घालायला निघालेला त्यांचा हात मी थांबवला. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दोन भाग कोमट पाणी असे मिश्रण टाकीत भरून यंत्र चालवले, टोके त्यातच भिजत ठेवली आणि नंतर साध्या पाण्याने दोन टाक्या सोडल्या. झोत पूर्ववत झाला. आता यंत्रात फक्त पिण्याचे गाळलेले पाणी जाते आणि व्हिनेगरची फेरी महिन्यातून एकदा होते. एकदा जत्रेसाठी खानापूरला चार दिवस राहिलो आणि टाकीत पाणी तसेच राहिले. परत आल्यावर तळाला बुळबुळीत थर होता. रात्री शेवटचा माणूस टाकी रिकामी करून उलटी ठेवतो, हा नियम तेव्हापासूनचा. तारांचे टोक तीन महिन्यांनी आणि साधी टोके सहा महिन्यांनी बदलतो.

माझे स्वतःचे दात घट्ट बसलेले आहेत आणि जिथे दात दाताला चिकटतो तिथे पाण्यापेक्षा दोरा चांगला घासतो, असे डॉक्टरांचे मत आहे. म्हणून कपाटातली ती डबी मी काढली आहे. ब्रश तर सगळ्यांचाच दोन वेळा. रात्री आधी पिचकारी, मग ब्रश, म्हणजे पेस्टमधले फ्लोराइड दातांवर राहते.

यंत्राला आता सव्वा वर्ष झाले. पूर्वी एका चार्जिंगवर चौघांचे दहा-बारा दिवस जात, आता पाच जातात. शिवाय सासूबाईंच्या अंगठ्याला त्याचे रबरी बटण दाबवत नाही, त्या मला हाक मारतात. म्हणून पुढचे यंत्र टेबलावरचे, फिरवण्याच्या चकतीवर दाब कमी-जास्त करता येणारे घ्यायचे ठरले आहे. गेल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन येऊन पडवीत बेसिनपासून चार फुटांवर, खांद्याच्या उंचीला प्लग बसवून गेला. फळी अजून ठोकायची आहे. स्टुलावर बसलेल्या सासूबाईंचा हात कुठवर पोहोचतो, तिथे यजमानांनी पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे.